दहा पाउंडांची एआर-१५ घरासाठी हलकी कशी करावी?

सह्यकडा (प्रश्न)

आम्ही अमेरिकेत राहतो. घराच्या संरक्षणासाठी दुकानातून रीतसर घेतलेली एआर-१५ रायफल आहे. बॅरल (नळी) १६ इंची, हेवी प्रोफाइलचं, म्हणजे जाड. रिकामी रायफल सव्वासात पाउंड भरते. त्यावर १ ते ६ पट मोठं दाखवणारा स्कोप माउंटसकट २४ औंस (१६ औंसांचा एक पाउंड), टॉर्च ६ औंस, पुढे उभी ग्रिप ३ औंस आणि ३० गोळ्यांचं भरलेलं मॅगझिन जवळजवळ १ पाउंड. सगळं मिळून सव्वादहाच्या पुढे जातं. हँडगार्ड (नळीभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) चारही बाजूंनी रेल, म्हणजे भाग अडकवायच्या पट्ट्या असलेला, जुन्या पद्धतीचा आहे.

मला ती एका हातात धरून दार उघडता येते, फोन लावता येतो. बायकोची चण लहान आहे. तिने खांद्याला लावली की अर्ध्या मिनिटात नळीचं तोंड खाली यायला लागतं. साडेसात पाउंडांच्या आत आणायची आहे. हलकं बोल्ट कॅरिअर (गोळी सुटल्यावर मागेपुढे सरकणारा भाग), टायटॅनियमचे भाग, पॉलिमर लोअर (प्लास्टिकचा खालचा सांगाडा) असं बरंच काही बाजारात दिसतं. सुरुवात कुठून करावी? आणि कशाला हात लावू नये?

नेमकाटा

सुरुवात वजनकाट्यावरून नको, तोल कुठे आहे ते बघा. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, रिकामं असल्याची खात्री करा, मॅगझिनमध्ये डमी गोळ्या भरा आणि रायफल आडवी एका बोटावर तोलून धरा. तोल मॅगझिनच्या खाचेच्या पुढच्या कडेपाशी आला तर रायफल हातात हलकी लागते. तो हँडगार्डच्या मध्याकडे सरकला असेल, तर एकूण वजन कमी असूनही हात भरून येतो. खांद्यापासून दीड हात लांब असलेला एक औंस खांद्याजवळच्या तीन औंसांइतका त्रास देतो. तुमच्या मिसेसना जाणवतंय ते हेच.

म्हणून क्रम असा ठेवा. उभी ग्रिप आज काढा. स्कोपच्या जागी छोटा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, बसवा. माउंटसकट तो ५ ते ६ औंसांत येतो, म्हणजे इथेच १८ औंस वाचतात. घरातलं लांबात लांब अंतर १५ मीटरही नसतं, तिथे ६ पटीचा उपयोग नाही. शिवाय असा स्कोप १ पटीवर ठेवला तरी डोळा ठराविक अंतरावर आणि बरोबर मध्यावर लागतो. अवघडून, वाकून, अर्धवट जागेपणी उचललेल्या रायफलीवर ते जमत नाही. डॉटला ही अडचण फार कमी येते.

चार रेलचा हँडगार्ड १५ औंसांच्या आसपास असतो. एम-लॉकचा (रेलऐवजी भाग अडकवायच्या खाचा असलेला) बारीक हँडगार्ड बॅरल नटसकट ८-९ औंसांत मिळतो. ग्रिपचे ३ आणि इथले ६ औंस दोन्ही पुढच्या टोकाचे आहेत, त्यामुळे फरक आकड्यापेक्षा जास्त वाटेल. ३० ऐवजी २० गोळ्यांचं मॅगझिन लावलं की आणखी ५ औंस कमी होतात, आणि आडवं झोपून किंवा पलंगाआडून धरताना ते खाली टेकतही नाही.

इथवर दोन पाउंड गेले. बॅरल अजून तेच आहे.

तांबडीमाती

बॅरलबद्दल. १६ इंची हेवी प्रोफाइल साधारण पावणेतीन पाउंडांचं, आणि बारीक, म्हणजे पेन्सिल प्रोफाइल दीड-पावणेदोन पाउंडांचं. एका भागात पाउंडभर, तेही पुढून. लष्कराच्या एम-१६च्या सुरुवातीच्या रायफलींना बारीकच बॅरल होतं, तेव्हा ते कमजोर असतं हा समज सोडून द्या.

त्याची मर्यादा वेगळी आहे. बारीक नळी लवकर तापते, आणि तापली की गोळ्यांचा मारा सरकायला लागतो. रेंजवर ओळीने तीन-चार मॅगझिन रिकामी केलीत तर हे दिसेल. घरातल्या वापरात ती वेळ येत नाही. म्हणून पेन्सिल बॅरलचा झिरो, म्हणजे ठराविक अंतरावर नेम आणि मारा जुळवणं, थंड नळीवर करा. तीन गोळ्या, मग थांबा, नळी हाताला गार लागली की पुढच्या तीन.

बॅरल बदलायचं काम गनस्मिथकडून करून घ्या. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांमधलं माप) गेजने तपासून द्यायला सांगा आणि चेंबर ५.५६ चं आहे ना ते नळीवरच्या खुणेवरून बघा. .२२३ रेमिंग्टनच्या चेंबरमध्ये ५.५६ ची गोळी वापरली तर दाब जास्त चढू शकतो. उलट चालतं.

नळी आखूड करून वजन वाचवायचा विचार मात्र परस्पर करू नका. १६ इंचांखाली गेलात की १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली ती शॉर्ट बॅरल रायफल ठरते. एटीएफची (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मंजुरी आधी लागते, भाग बसवल्यावर नाही.

आणि नळीच्या तोंडाला मझल ब्रेक असेल तर तो काढून साधा फ्लॅश हायडर (ज्वाळा कमी दिसू देणारा तुकडा) लावा. ब्रेक धक्का कमी करतो, पण आवाज आणि हवेचा झोत बाजूंना फेकतो. १४० डेसिबलच्या वरचा एक धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो, आणि या रायफली त्याच्या बऱ्याच वर असतात. बंद खोलीत शेजारी मूल उभं असेल तर त्याच्या कानांचं काय होईल याचा विचार करा. इलेक्ट्रॉनिक इअरमफ सेफमध्ये रायफलीशेजारीच ठेवा. ते बारीक आवाज ऐकू देतात आणि मोठा अडवतात.

नेमकाटा

आता कशाला हात लावू नये ते. जे भाग गोळी सुटल्यावर हलतात, ते कारखान्यातून आले तसेच राहू द्या. हलकं बोल्ट कॅरिअर आणि हलका बफर (त्यामागे स्प्रिंगसोबत असलेलं वजन) स्पर्धेतल्या लोकांसाठी असतात. ते ठराविक गोळीवर, स्वच्छ रायफलीवर, बोल्ट मागे ढकलणारा गॅस नेमका जुळवून चालवतात. वस्तुमान कमी झालं की बोल्ट लवकर आणि जोरात मागे येतो, रिकामं काडतूस चेंबरला घट्ट धरून असतानाच ओढलं जातं. गॅस कमी करून हे सावरलं, तर थोडी कमजोर गोळी किंवा कोरडं तेल यावर रायफल अडकते. ३-४ औंसांसाठी घरातल्या रायफलीचा भरवसा घालवू नका.

पॉलिमर लोअरही नको. तो बहुतेक वेळा मागे, बफरची नळी (बफर ट्यूब) बसते त्या कड्यापाशी तडकतो. पडली, आपटली की तिथेच सगळा जोर येतो. आणि वाचतं काय, तर थोडेसे औंस, तेही मधल्या भागातले, जिथे ते जाणवतच नाहीत.

टॉर्च काढू नका. अंधारात समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये. रात्री पाणी प्यायला उठलेला मुलगाही सावलीसारखाच दिसतो. ६ औंसांची टॉर्च ४ औंसांची मिळेल, पण ती हवीच. बसवताना काच नळीच्या तोंडाच्या शक्य तितकी जवळ आणा, नाहीतर नळीची सावली एका बाजूला पडते आणि नेमका तोच कोपरा दिसत नाही. काचेवर काजळी धरते, म्हणून दर रेंजनंतर पुसा. आणि ओळख पटवायला टॉर्च थेट माणसावर रोखायची गरज नसते. जमिनीवर किंवा छतावर मारलेला झोत खोली उजळायला पुरतो, नळी माणसापासून दूर राहते.

झुंजूमुंजू

डॉट घ्यायच्या आधी दोघांनीही त्यातून बघून घ्या. दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्याला ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा फाटलेला दिसतो. दोष डॉटचा की डोळ्याचा, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की कळतं. कॅमेऱ्यात गोल दिसला तर डोळ्याचा. मग उजेड कमी करून बघा. नाहीच जमलं तर प्रिझम साइट घ्या. ती तीन-चार औंसांनी जड असते, पण तिची खूण काचेवर कोरलेली असते, म्हणून बॅटरी गेली तरी दिसते.

दुसरी गोष्ट, जी घरातल्या अंतरावर फार महत्त्वाची आहे: डॉट नळीच्या साधारण अडीच इंच वर बसतो. ५० यार्डांवर झिरो केलेली रायफल ७ मीटरवर ठिपक्याच्या सुमारे साडेपाच सेंटिमीटर खाली लागते. रायफल बिघडलेली नसते, नजरेची रेघ आणि नळीची रेघ एवढ्या अंतरात अजून जवळच आलेल्या नसतात. कागदावर ३, ५, ७ आणि १० मीटरवरून प्रत्येकी पाच गोळ्या मारून दोघांनीही ते डोळ्याने बघावं. हाच फरक आडोशालाही लागू होतो. दाराच्या चौकटीवरून ठिपका मोकळा दिसतो, पण नळी चौकटीतच असते.

स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता) लहान माणसाच्या मापाने लावा. मिसेसना दोन खाचा आत लागत असेल तर तो कायम तिथेच राहू दे. उंच माणूस आखूड स्टॉकशी जुळवून घेतो, लहान चणीच्या माणसाला लांब स्टॉक पेलत नाही. स्टॉक लांब असला की पाठ मागे वाकते आणि मग हलकी रायफलही जड लागते. मला विचाराल तर एकही पैसा खर्च न करता होणारी सगळ्यात मोठी सुधारणा हीच. दोन बिंदूंचा साधा स्लिंग (पट्टा) लावा, ४-५ औंस वाढतील पण मूल उचलायला दोन्ही हात मोकळे राहतात.

सह्यकडा

ग्रिप काढली आणि स्टॉक आत घेतला, फरक लगेच दिसला. डॉट आणि हँडगार्ड घेतो, बॅरलचं मग बघू. दोन शंका. गोळी कुठली, म्हणजे भिंतीपलीकडच्या खोलीचं काय? आणि सेफमध्ये रायफल कुठल्या अवस्थेत ठेवायची? उन्हाळ्यात आईबाबा सहा महिने येणार आहेत, त्यांनाही सेफचा नंबर द्यावा का?

तांबडीमाती

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी, कारण ते कायद्याचं आहे: देऊ नका. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. बी-२ (पाहुणे), एफ-१ (विद्यार्थी), एच-१बी (नोकरी), एच-४ (नोकरीवाल्यांचे कुटुंबीय) सगळे त्यात येतात. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. सेफ उघडण्याची मुभा असणंही त्यात धरलं जाऊ शकतं. ग्रीनकार्ड असलेल्यांना ही आडकाठी नाही. घरात दुसरं कुणी एच-४ वर असेल तर हाच नियम त्यांनाही लागू आहे, आणि शंका असेल तर तुमच्या राज्यातल्या वकिलाला विचारा. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत मॅगझिन १० गोळ्यांपुरतंच, आणि अशा रायफलीवर वेगळे निर्बंधही आहेत. भाग मागवण्याआधी ते बघा.

गोळीचं: जिप्समच्या भिंतीवर विसंबू नका. अर्ध्या इंचाचे दोन पत्रे आणि मध्ये पोकळी, एवढंच असतं. माणसाला थांबवू शकणारी कुठलीही गोळी अशा एकापेक्षा जास्त भिंती भेदते. हलक्या वजनाच्या, पसरणाऱ्या .२२३ गोळ्या आत शिरल्यावर लवकर तुटतात, म्हणून जड, आवरण असलेल्या गोळीपेक्षा बऱ्या. पण उत्तर गोळीत नाही, घराच्या नकाशात आहे. मुलांच्या खोल्या कुठे, शेजारची भिंत कुठे, हे कागदावर काढा. पलंगाच्या बाजूने दाराकडे बघताना मागे मुलांची खोली येत असेल तर थांबायची जागा बदला. सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ९११ ला फोन चालू ठेवा. घरभर शोधत फिरायचं नाही.

नेमकाटा

अवस्थेचं: चेंबर रिकामं, बोल्ट पुढे, हॅमर ताणलेला, सेफ्टी लावलेली, भरलेलं मॅगझिन आत. हॅमर पडलेला असेल तर एआरची सेफ्टी लागतच नाही, म्हणून आधी रिकाम्या रायफलीचा बोल्ट मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा, बोल्ट सोडा, सेफ्टी लावा आणि मगच मॅगझिन. ३० च्या मॅगझिनमध्ये २८ आणि २० च्यात १८ भरा. काठोकाठ भरलेलं मॅगझिन बंद बोल्टखाली नीट अडकत नाही आणि नेमक्या वेळी खाली पडतं. बसवल्यावर खाली ओढून बघायची सवय लावा.

चेंबरमध्ये गोळी ठेवून, रोज काढून घालून चालणार नाही. या रायफलीची फायरिंग पिन मोकळी असते. प्रत्येक वेळी बोल्ट बंद होताना ती प्रायमरला (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला) हलकासा खळगा पाडते. तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेली तर बुलेट काडतुसात मागेही दबते. अशी गोळी बाजूला काढा आणि रेंजवर संपवा.

सेफ जमिनीला नाहीतर भिंतीतल्या लाकडी उभ्यांना बोल्टने आवळा. ते उभे साधारण १६ इंचांवर असतात, स्टड फाइंडरने शोधा. जिप्सममध्ये नुसते अँकर ठोकले तर सेफच उचलून नेतात. अंकांच्या बटणांचा लॉक बोटाच्या ठशापेक्षा बरा, ओल्या किंवा थरथरत्या बोटाला ठसा नाकारतो. लॉकची, डॉटची आणि टॉर्चची बॅटरी एकाच दिवशी बदला, वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतो त्या दिवशी. डॉटची वर्षानुवर्षं चालते, तरीही बदला.

झुंजूमुंजू

भाग बदलून झाले की त्याच गोळीच्या निदान २०० फैरी, त्याच मॅगझिनमधून, दोघांनी मिळून. त्यातल्या काही मिसेसनी थकल्यावर, काही डाव्या खांद्यावरून. एकदाही अडकली तर कारण सापडेपर्यंत ती घरासाठी तयार धरू नका. बहुतेकदा दोषी मॅगझिनच निघतं. त्यांच्यावर आकडे लिहून ठेवा म्हणजे कुठलं ते कळेल. आणि हँडगार्ड बदलल्यावर टॉर्चचे स्क्रू १०-१२ फैरींनंतर पुन्हा तपासा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावलेला असला तरी. त्यावर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की स्क्रू फिरला तर रेघ मोडलेली लगेच दिसते.