न तोडलेल्या झाडाचे पैसे: हिशेब नेमका कशाचा मांडतात?

हिशेबी (प्रश्न)

जंगल राखल्याबद्दल पैसे देण्याच्या योजनांविषयी वाचताना मी दर वेळी एकाच जागी अडखळतो. धुराड्यातून बाहेर पडलेला वायू मोजता येतो, हे समजते; परंतु जे झाड तोडलेच गेले नाही त्याचा कार्बन 'वाचला' असे म्हणायचे, तर ते तोडले जाणारच होते असे आधी कुणीतरी गृहीत धरलेले असले पाहिजे. हे गृहीत कोण धरतो, कशाच्या आधारावर धरतो, आणि ते चुकले तर दिलेल्या पैशांचे काय होते? शिवाय एका हेक्टरमागे अमुक इतके टन कार्बन डायऑक्साइड, हा आकडा तरी कसा काढतात? जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावे. जंगलाचे महत्त्व मला मान्यच आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवला नाही तरी चालेल.

मोजणीदार

दुसरा प्रश्न सोपा असल्याने तो आधी घेतो. जंगलातील नमुना-क्षेत्रांत झाडांचा घेर आणि उंची मोजून वाळलेल्या वजनाचा अंदाज बांधतात. त्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करताना त्याला 44 भागिले 12 (कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे आणि त्यातील कार्बनच्या अणूचे वजन यांचे गुणोत्तर), म्हणजे सुमारे 3.67 ने गुणतात. ब्राझीलने 2008 मध्ये ॲमेझॉनचे जंगल राखण्यासाठी देणग्यांवर चालणारा ॲमेझॉन निधी उभारला तेव्हा हेक्टरी 100 टन कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 5 डॉलर असे मुद्दाम हात राखून आकडे धरले होते. त्या हिशेबाने न तोडलेल्या एका हेक्टरची किंमत सुमारे 1,835 डॉलर होते.

आता खरा प्रश्न. 'तोडले गेले असते' याचे मोजमाप म्हणून जी संदर्भ पातळी ठरवतात, ती बहुतेक वेळा मागील काही वर्षांच्या तोडीची सरासरी असते. ब्राझीलने सुरुवातीला 1996 ते 2005 ही दहा वर्षे धरली. प्रत्यक्ष तोड या सरासरीपेक्षा जितकी कमी, तितक्या प्रमाणात निधी स्वीकारायचा. सर्वांत मोठा देणगीदार नॉर्वे. मात्र येथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये: ॲमेझॉनमधील वार्षिक तोड 2004 मध्ये 27 हजार चौरस किलोमीटरच्या वर होती आणि निधी सुरू होण्याआधीच, उपग्रहाची नजर, कारवाई आणि नव्याने तोडलेल्या जंगलातले सोयाबीन विकत न घेण्याचा व्यापाऱ्यांचा 2006 चा करार यांमुळे, ती निम्म्याहून खाली आली होती. म्हणजे निधीने घट घडवली, यापेक्षा घडलेल्या घटीला बक्षीस दिले, असे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यात वाईट काहीच नाही, कारण देणगीदाराला बदल्यात विकता येईल असे क्रेडिट (एक टन कार्बन डायऑक्साइड वाचल्याचा दाखला) मिळत नाही, केवळ नोंदीचे प्रमाणपत्र मिळते.

काठावरचा

वरील शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. क्रेडिट विकले जाऊ लागले की चित्र पालटते, कारण ते विकत घेणारी कंपनी तेवढे उत्सर्जन आपल्या खाती वजा झाले असे सांगते. ऐच्छिक बाजारात, म्हणजे जेथे कंपन्या कायद्याच्या सक्तीविना क्रेडिटे घेतात तेथे, संदर्भ पातळी बहुधा प्रकल्प चालवणाराच एखादा 'सारखा' प्रदेश निवडून मांडत असे. तेथील तोड जितकी भीषण दाखवावी तितकी क्रेडिटे जास्त, आणि विकणारा व घेणारा दोघांनाही मोठा आकडाच सोयीचा. 2023 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात सहा देशांतील 26 प्रकल्पक्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक ठिकाणी तोड लक्षणीय घटल्याचे दिसलेच नाही, आणि जेथे घटली तेथेही ती दाव्यापेक्षा बरीच कमी होती.

गळतीचा मुद्दा वेगळा: येथे कुऱ्हाड थांबली आणि शेजारच्या डोंगरावर चालू लागली, तर वातावरणाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. वणव्यात झाडे जळाली तर भरपाई म्हणून काही क्रेडिटे न विकता राखीव ठेवतात, पण धुराड्यातून गेलेला कार्बन शतकानुशतके वर राहणार आणि झाडातला कार्बन एका उन्हाळ्यात जाऊ शकणार, ही जोडीच मुळात विजोड आहे.

पाणंद

टीका मान्य असूनही एक प्रतिउदाहरण द्यावेसे वाटते. युगांडात 121 गावांपैकी सुमारे निम्मी गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, तेथील खासगी जंगलमालकांना झाडे न तोडल्याबद्दल दोन वर्षे हेक्टरी वार्षिक 70,000 युगांडी शिलिंग देऊ केले गेले. पैसे न मिळालेल्या गावांत वृक्षाच्छादन 9.1 टक्क्यांनी घटले, तर मिळालेल्या गावांत 4.2 टक्क्यांनी, तोड शेजारच्या जंगलात सरकल्याचेही आढळले नाही. येथे 'तोडले गेले असते' हे कुणाच्या कल्पनेवर सोडलेले नव्हते, दुसऱ्या गटातील गावेच ते दाखवत होती. तेव्हा पैसे देण्याची कल्पना पोकळ नाही. पोकळ असते ती बहुधा तुलना.

हिशेबी

मनःपूर्वक आभार. आता नवीनच शंका निघाली: ज्याने पूर्वीही जंगल तोडले नाही, त्याची सरासरी शून्याजवळ असणार. मग त्याला काहीच मिळायचे नाही काय?

मोजणीदार

अगदी वर्मावर बोट ठेवलेत. गयाना या देशापुढे हीच अडचण होती. म्हणून नॉर्वेने 2009 मध्ये त्याच्याशी 25 कोटी डॉलरपर्यंतचा करार केला तेव्हा संदर्भ पातळी त्या देशातील प्रत्यक्षातल्या नगण्य तोडीपेक्षा बरीच वर ठेवली गेली, म्हणजे तोड थोडी वाढली तरीही पैसे मिळू शकत होते. यावर त्या वेळी टीकाही झाली.

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच बेलें शहरातील हवामान परिषदेत ब्राझीलने सुरू केलेला उष्णकटिबंधीय वनांचा निधी याच कोंडीतून वेगळ्या वाटेने निघतो. तेथे टाळलेल्या तोडीचा हिशेबच नाही. उभ्या जंगलाच्या हेक्टरमागे वर्षाला सुमारे 4 डॉलर द्यायचे, तोडलेल्या हेक्टरमागे दंड म्हणून त्याच्या कितीतरी पट कापायचे, आणि किमान पाचवा हिस्सा तेथील मूळ रहिवाशांपर्यंत पोहोचवायचा. उपग्रहाला जंगल दिसते की नाही, एवढेच पाहायचे. पैसा भांडवल गुंतवून त्याच्या परताव्यातून यायचा आहे, त्यामुळे बाजार पडला तर काय, ही चिंता उरतेच, आणि 4 डॉलर हे सोयाबीनच्या उत्पन्नापुढे किरकोळ आहेत. परंतु आपल्या पहिल्या प्रश्नापुरते सांगायचे, तर यात कुणालाही 'काय झाले असते' याची कल्पना करावी लागत नाही, आणि क्रेडिट निघत नसल्याने कुणाचे धुराडे त्याच्या आड लपतही नाही.