गावात एचआयव्ही तपासणीचं शिबिर, पण लोकांच्या नजरेचं काय करावं?

आशाताई, यवतमाळ जिल्हा:
मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत एचआयव्ही तपासणीचं शिबिर झालं. समोरच पानठेला. एक ट्रक ड्रायव्हर भाऊ दारापर्यंत आला, चपलाही काढल्या, अन् ठेल्यावरच्या चौघांनी माना वळवल्या. तसाच परत गेला बिचारा. तेव्हापासून माझं मन लागत नाही. काय करू जी?

समुपदेशक, वर्धा:
ताई, नुसत्या एचआयव्हीचा बॅनर लावूच नका. बीपी, शुगरही सोबत ठेवा. वेळ संध्याकाळची, लोक कापूस वेचून घरी आल्यावर. आणि गावात बोट टोचून केलेली चाचणी ही पहिली पायरी. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे एचआयव्हीचा संशय दिसला, तरी ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तोंडातून काढू नका. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या किटनं तपासून, एकूण ३ चाचण्या झाल्यावरच निदान पक्कं होतं.

कास्तकार:
मी ९ वर्षांपासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे, गोळ्या सरकारी, मोफत. रिपोर्ट सांगायच्या आधी तपासणी केंद्रातल्या मॅडमनं दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. ते दार उघडं असतं तर मी उठून गेलो असतो. त्या भावाला सांगा, २०१७ च्या कायद्यानं त्याच्या संमतीशिवाय चाचणी होत नाही. आधी १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर बोलू द्या त्याला, फोन फुकट आहे.

आशाताई:
उद्याच जाते त्याच्या घरी. लेकराच्या लसीचं निमित्त आहेच. नंबर कार्डाच्या मागं लिहून देते.