सेल्फ घरी उघडला तर कुणाचं काय बिघडलं?

गंजका पाना
काल एका गृहस्थांनी इथे सेल्फबद्दल, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरबद्दल, लिहिलं, ‘सेल्फ गेला तर सरळ नवा टाका, घरी उघडणं हा कंजूषपणा.’ वाचून डोकं फिरलं. माझ्या २००९च्या गाडीचा सेल्फ दीड वर्षापूर्वी नुसता ‘टक्’ करून गप्प बसायचा. दिवे झकास, हॉर्न खणखणीत. वर्कशॉपवाल्याने बॉनेटही न उघडता साडेसहा हजार सांगितले. मी सेल्फ उतरवला, तर आतले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजून नखाएवढे उरलेले. चारही बदलले, कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग, बारीक पॉलिश पेपरने पुसला. खर्च साडेतीनशे आणि एक रविवार. आज हाफ सेल्फला गाडी उठते.

डबल डिक्लच
ते गृहस्थ मीच. व्होल्ट मोजायचा मीटर लावला होतात का आधी? सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी किंवा टर्मिनल बघायचं, सेल्फ बिचारा बऱ्याचदा निर्दोष असतो. आमच्या मेव्हण्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर न काढताच पाना घातला. पाना बॉडीला टेकला, ठिणग्या उडाल्या, मनगटावरचा स्टीलचा पट्टा तापला. डाग अजून आहे.

गंजका पाना
मेव्हण्यांचा वेंधळेपणा सेल्फच्या माथी का? मीटर लावला होता. उभी गाडी १२.६, सेल्फ मारताना १२.३. म्हणजे मोटर करंटच ओढत नव्हती. अजून काही?

रिव्हर्स काकू
तुम्हाला सेल्फ उतरवायला जागा मिळते हेच नशीब. आमच्याकडे मी जॅक बाहेर काढला की सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीत हजर. लगेच नोटीस, ‘पार्किंगमध्ये गॅरेजचे काम करू नये, फरशीवर ऑइलचे डाग पडतात.’ अहो, सेल्फमध्ये ऑइल असतं का? आणि त्याच फरशीवर सेक्रेटरींच्या मुलीच्या लग्नाचा मांडव तीन दिवस होता, तेव्हा आमटीचे डाग पडले ते कुणी पुसले?

बिनपगारी सेक्रेटरी
काकू, आमची बाजूही ऐका. आमच्या इथे एकाने जॅकवर गाडी उचलून खाली विटा रचल्या आणि स्वतः आत शिरला. वीट फुटली. माणूस बाहेर आला होता म्हणून वाचला. उद्या काही झालं की पोलीस चौकीत कोण जातं? मी. पगार शून्य, वर गणपतीच्या वर्गणीवरून शिव्या वेगळ्या.

रिव्हर्स काकू
विटा लावणाऱ्याला नोटीस द्या, मला का? माझ्याकडे गाडीखाली लावायचे दोन स्टँड आहेत आणि चाकाला ठोकळेही लावते. वर्गणीचा हिशोब मात्र द्याच एकदा.

डबल डिक्लच
विषय सेल्फ होता.

आर्मेचरवाला
मी ह्याच धंद्यात. दर सोमवारी कुणीतरी पिशवीत सुटा सेल्फ घेऊन येतं, ‘फक्त जोडून द्या.’ स्प्रिंग हरवलेली, बेंडिक्समध्ये (मोटरचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे सरकवून इंजिनाला जोडणारा भाग) मूठभर ग्रीस. त्या ग्रीसला धूळ चिकटते, पिनियन अडकतं आणि मोटर नुसती गरगर फिरते. कार्बन घरी बदला, माझी ना नाही. पण जळका वास आला, कॉपर काळं पडलं, तर हात लावू नका. आणि स्क्रूड्रायव्हरने सोलनॉइड (सेल्फवरचा करंट जोडणारा स्विच) शॉर्ट करणाऱ्यांनो, आधी गाडी न्यूट्रलला आहे का बघा, अंगावर येईल. रिवाइंडिंग, म्हणजे जळलेली तार नव्याने गुंडाळणं, करणारे आता उरलेत किती? माझ्या पोराला विचारलं तर म्हणतो, ‘बाबा, नवा विकण्यात जास्त सुटतात.’

गंजका पाना
बघा, धंद्यातला माणूसच सांगतोय!

डबल डिक्लच
त्याने निम्मं माझंही सांगितलं, ते सोयीस्कर वगळा. असो. कार्बनपुरतं मान्य, आणि तेही नाइलाजाने. पण कार्बनच्या जाड वायरीला डाग द्यायला रेडिओवाल्याची २५ वॅटची सोल्डरिंग पुरत नाही, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. कच्चा डाग सुटला की परत ‘टक्’.

गंजका पाना
सुटला होता. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा शेजाऱ्याची शंभर वॅटची आणली.

डबल डिक्लच
म्हणजे रविवार एक नाही, दोन! बरं, नाना पेठेत हे कार्बन सुटे मिळतात का? मेव्हण्यांसाठी विचारतोय.