दोघंही ओव्हरलॉकवर, मग त्याला 520 आणि मला 380 का?

ओव्हरलॉकवाली: अक्कलकोट रोडला युनिफॉर्म शिवणाऱ्या युनिटमध्ये मला नऊ वर्षं झाली. शाळेच्या पँटी. शेजारच्या मशीनवर एक दादा आहे, तोही माझ्यासारखा ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवरच. माल एकाच गठ्ठ्यातून सुटतो, कडा मारून एकाच टोपलीत पडतो. चार दोरे कसे ओवायचे ते मीच त्याला शिकवलं.

गेल्या शनिवारी पगाराच्या पाकिटांची अदलाबदल झाली. माझ्या हातात 3,120 आले. वाटलं, चला, वाढ झाली एकदाची! तेवढ्यात दादा माझं पाकीट घेऊन आला. त्यात 2,280. सहा दिवसांचे. "मला ठाऊक नव्हतं ओ ताई," म्हणाला बिचारा.

सुपरवायझर म्हणतो, तो टेलर आणि तू हेल्पर. हजेरीवहीत खरंच तसं लिहिलंय. वर म्हणे, त्याच्यावर घर आहे. आमच्याकडे नवऱ्याचा माग सहा महिने बंद, सासूबाईंच्या विड्यांवर तेल-मीठ निघतं. हे घर नाही का?

भीती एकच. मी बोलले आणि मालकानं "बरं, दोघांनाही 380" केलं तर? दादाच्या पोटावर पाय नको.

जुना_हिशेबनीस: ताई, ती भीती आधी काढून टाका. 1976 च्या समान वेतन कायद्यातच लिहिलं होतं की बरोबरी करायची म्हणून कुणाचाही पगार कमी करता येणार नाही. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली, तिच्यातही ते कायम आहे. वहीत हेल्पर लिहिलं म्हणून काम हेल्परचं होत नाही. कौशल्य, मेहनत, जबाबदारी सारखी आहे का, ते बघतात. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्टेनो बायकांना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. युनियनशी करार झालाय, परवडत नाही, सगळं सांगून पाहिलं कंपनीनं. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टानं काही ऐकलं नाही.

मागवाला_सोलापूर: कायदा ठीक आहे ओ. पण पुरुष गाडी उतरवतात, सीझनला रात्री थांबतात. त्याचे पैसे नकोत का?

ओव्हरलॉकवाली: गाडी हमाल उतरवतात. रात्रीचा ओव्हरटाइम वेगळा मिळतो, तो 520 मध्ये धरलेलाच नाही. आणि एप्रिल-मे मध्ये मीही नऊपर्यंत असते, पोरगं शेजारणीकडे ठेवून.

विडीवालीची_लेक: आमच्या आईला हजार विड्यांवर मजुरी. दर बाई-पुरुषाला एकच, पण वळायला पुरुष बसतोय कुठं? तो असतो तपासायला. त्यानं चार विड्या बाजूला काढल्या की आईची तेवढी मेहनत फुकट. तिथं तुलना करायला शेजारी दादाच नाही. तुमच्याकडे आहे, ताई. त्याला सोडू नका.

जुना_हिशेबनीस: बरोबर. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. पगारपावती मागा, ती देणं मालकाला बंधनकारक आहे. एकट्या जाऊ नका.

ओव्हरलॉकवाली: आणखी तिघी "हेल्पर" आहेत मशीनवर. त्यातली एक काजं करते, ती यायला घाबरते. दादा सही करतो म्हणाला. उद्या हजेरीवहीचा फोटो काढते, सुपरवायझर जेवायला गेला की.