डोळा, पोट, कंबर हे शब्द आले कुठून?

रानजाई
लेकीला अवयवांची नावं शिकवताना हा प्रश्न डोक्यात आला. हस्तचा हात, कर्णचा कान, दंतचा दात हे समजतं, पण डोळा नेत्र किंवा अक्षीवरून कसा येईल? पोट आणि उदर यांचा तर काही संबंधच दिसत नाही. घरी सगळे म्हणतात मराठी शब्द म्हणजे संस्कृतचा अपभ्रंश, मला काही ते पटत नाहीये. कुणी नीट सांगेल का?

गोदाकाठ
संस्कृत आणि मराठीच्या मधे प्राकृत आहे, म्हणजे त्या काळच्या लोकांच्या बोलीभाषा, ते लोक विसरतात. हस्त-हत्थ-हात, कर्ण-कण्ण-कान. जोडाक्षराचं आधी द्वित्त झालं, म्हणजे एकाच व्यंजनाची जोडी (त्थ, ण्ण), मग ते एकेरी होताना मागचा स्वर लांबला. पंजाबीत अजून हत्थ आणि कन्नच म्हणतात. दुसरं म्हणजे स्वरांमधल्या एकेरी ल चा मराठीत ळ होतो आणि द्वित्त ल्ल चा नुसता ल राहतो, म्हणून कपालचं कपाळ झालं पण गल्लचा गाल, गाळ नाही. याच हिशोबाने प्राकृतातल्या डोल चा आपला डोळा. कोंकणीत दोळो आहेच, गुजरातीतही डोळो आहे. नेत्र-अक्षीकडे जायची गरजच नाही.

पोट तर माझा सगळ्यात आवडता शब्द! प्राकृतात पोट्ट, गाथासप्तशती या जुन्या प्राकृत कवितासंग्रहात पण सापडतो, आणि १२व्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने देशीनाममाला केली, म्हणजे संस्कृतवरून साधता न येणाऱ्या शब्दांचा कोश, त्यातही आहे. तेलुगूत पोट्ट, कन्नडात होट्टे (जुन्या कन्नडातल्या प चा पुढे ह झाला). असल्या शब्दाला अपभ्रंश म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, तो कशाचं बिघडलेलं रूप नाहीच मुळी, इथल्या लोकांच्या तोंडी होता तो.

माळरान
कंबर फारसी, मूळ कमर. चेहरा आणि पंजा पण तिकडचेच. त्याआधीचा शब्द कटि, तुकोबांचं 'कर कटावरी' आठवा. तो पूर्ण गेलेला नाही, पोराला कडेवर घेतो त्यातली कड तीच.

रानजाई
वा, कडेवरचं कधी सुचलंच नव्हतं! मग तोंड आणि मान? मान म्हणजे सन्मान तोच का?

गोदाकाठ
नाही नाही, ते दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार सारखा झाला इतकंच. गळ्यामागची मान संस्कृत मन्यावरून, तिथे मन्या म्हणजे मानेचा मागचा भाग. तोंड तुंडवरून, आणि तुंड म्हणजे चोच किंवा जनावराचं थोबाड, माणसाला मुख. मराठीने रोजच्या बोलण्यात तुंड घेतलं आणि मुख देवासाठी, श्लोकासाठी ठेवलं, हिंदीने मात्र मुखाचंच मुँह केलं.

माळरान
लेकीला कोपर पण सांगा, कूर्परवरून. आणि काख कक्षवरून, कक्ष-कक्ख-काख, वर सांगितलेला नियम जसाच्या तसा लागतो.