मदत हवी आहे: फिल्टर अर्धवट दिला की एपीआय रिकामी यादी देते

नोड (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट), एक्सप्रेस (त्याचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस). ऑर्डरींच्या यादीचा एंडपॉइंट (एपीआयचा पत्ता) आहे; स्टेटस, पेड, फ्रॉम, टू (तारखा) आणि सॉर्ट हे यूआरएलमधले क्वेरी पॅरामीटर. एसक्यूएल एकच ठरलेलं, सगळी मूल्यं बाइंड केलेली (एसक्यूएलमध्ये $१, $२ असे प्लेसहोल्डर, मूल्यं वेगळी पाठवलेली). नुसता स्टेटस पाठवला की शून्य ओळी. पेड=फॉल्स दिलं की नेमक्या पैसे भरलेल्याच ऑर्डरी येतात (कोडमध्ये ट्रू/फॉल्स करायला बुलियन() लावलंय). टू=२०२४-०३-३१ दिलं तर ३१ तारखेच्या गायब. ऑर्डर बाय $५ ला एरर नाही, पण क्रमही लागत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
न आलेला पॅरामीटर अनडिफाइंड असतो आणि ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) तो नल, म्हणजे 'मूल्य नाही', करून पाठवतो. नलशी केलेली तुलना कधीच खरी ठरत नाही, म्हणून व्हेअर (एसक्यूएलचा अटींचा भाग) सगळ्या ओळी गाळतं. अटी कोडमध्ये जमवा: एक ॲरे अटींचा, एक मूल्यांचा. पॅरामीटर आला तरच मूल्य पुश करा. ॲरेची नवी लांबी हाच त्या अटीच्या प्लेसहोल्डरचा आकडा. शेवटी अँडने जोडा, आणि एकही अट नसेल तर व्हेअर हा शब्दच लिहू नका. '$१ इज नल ऑर...' हा शॉर्टकट चालतो, पण जेनेरिक प्लॅन (मूल्यं न बघता ठरवलेली क्वेरीची योजना) वापरला गेला की इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) बाजूला पडू शकतो.

पेडचं सोपं आहे. यूआरएलमधून स्ट्रिंगच येते, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बुलियन()ला ट्रूच वाटते. 'ट्रू' आणि 'फॉल्स' या दोनच घ्या, बाकी सगळ्याला ४०० (चुकीची विनंती) एरर.

प्रतिसाद २
टाइमस्टॅम्पशी तुलना करताना नुसती तारीख म्हणजे त्या दिवशीचे ००:००. <= ऐवजी 'पुढच्या दिवसापेक्षा लहान' अशी अट घाला. २३:५९:५९ जोडू नका, शेवटच्या सेकंदातले अपूर्णांक निसटतात.

बाइंड होतं ते मूल्य, कॉलमचं नाव नव्हे. $५ मध्ये गेलेलं नाव प्रत्येक ओळीला तीच एक स्ट्रिंग, मग क्रम कसला लागणार? परवानगी असलेल्या नावांचा मॅप ठेवा, कॉलम त्यातूनच उचला. आलेली स्ट्रिंग एसक्यूएलमध्ये थेट चिकटवलीत तर इंजेक्शनला (बाहेरच्याने एसक्यूएल घुसवण्याला) दार उघडं. शेवटी आयडी जोडा, नाहीतर सारख्या मूल्यांच्या ओळी पानापानांत उड्या मारतात.

प्रश्नकर्ता
चारही सुटलं. स्टेटस दोनदा आला तर?

प्रतिसाद १
एक्सप्रेस ॲरे देतो. एकटा आला तरी ॲरेतच गुंडाळा आणि अट 'स्टेटस = एनी($१)' (ॲरेतल्या कुठल्याही मूल्याशी जुळलं तर चालेल) करा. 'स्टेटस=' असं कोरं आलं तर तो अनडिफाइंड नसतो, रिकामी स्ट्रिंग असते. तीही आधीच गाळा.