मदत हवी आहे: सामाईक चर उकरायला आणि क्षारपड जमिनीला सरकारी पैसा कुठून मिळतो? (सदलगा भाग)

नमस्कार मंडळी,

कर्नाटकातल्या चिक्कोडी तालुक्यात, सदलग्याच्या बाजूला दूधगंगेकाठी आमची सव्वातीन एकर काळी जमीन आहे. मी पुण्यात, शेत वडील आणि धाकटा भाऊ बघतात. खालच्या अंगाचा सव्वा एकराचा तुकडा चार वर्षं झाली, हातचा गेलाय. उन्हाळ्यात पांढरा थर, पावसाळ्यात नुसता चिखल. लागण केली तर ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो, खोडव्याचं नावच नको. वडील एवढंच म्हणतात, "मीठ फुटलंय."

कारण शोधायला लांब जायला नको. पाणी संस्थेचा नंबर आला की सगळेच रात्रभर पाट सोडून झोपतात (आम्हीही, खोटं कशाला बोलू). वरचं पाणी मुरून खाली येतं. पूर्वी ते बांधाकडेच्या चरातून ओढ्याला जायचं. हा चर अकरा जणांच्या रानातून जातो. 2019 च्या पुरात तो गाळाने भरला, राहिलेला 2021 च्या पुराने बुजवला, आणि मग दोघांनी त्यावरून नांगर फिरवून ऊस लावला.

माती तपासून घेतली. सामू (पीएच) 8.1, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) 6.8. खतवाल्याने जिप्सम टाका सांगितलं, दोन ट्रॉल्या टाकल्या, काही फरक नाही.

भाऊ तीन कार्यालयं फिरला. एकीकडे म्हणाले, चर आमच्या नोंदीत नाही. दुसरीकडे, तुमचं रान कालव्याच्या लाभक्षेत्रात नाही, उपसा सिंचनाचं आहे. तिसरीकडे कन्नड फॉर्म दिला. वडील बाजारात कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचता येत नाही.

पूल ओलांडला की महाराष्ट्रातलं दत्तवाड, तिथे मामांचं शेत. शिरोळच्या दत्त कारखान्याने त्या तालुक्यात शेतकऱ्यांचे गट करून जमिनीखाली पाइप घालायचं काम केलंय. मामा म्हणतात या आमच्याकडे. पण आमचा उतारा कर्नाटकचा, जाऊन करू काय?

तर विचारायचं हे, की कर्नाटकात अशा कामाला पैसा कुठल्या खात्यातून मिळतो, आणि एकट्याने अर्ज चालतो की अकराही जणांच्या सह्या लागतात?

उगारचा_पाव्हणा:
आधी जिप्सम थांबवा. ईसी 4 च्या वर आणि सामू 8.5 च्या आत म्हणजे जमीन क्षारयुक्त, चोपण नव्हे. जिप्सम चोपणला चालतं, तिथे सोडियम हटवायचं असतं. तरी ईएसपी (मातीतल्या सोडियमची टक्केवारी) तपासून घ्या, 15 च्या खाली आला तर शंकाच नको. तुमच्याकडे मीठ धुऊन बाहेर काढायचं काम आहे, आणि बाहेर म्हणजे कुठे? चरात. चर बुजलेला असताना लाखभर खर्चून पाइप घातले तरी पाणी शेतातच फिरणार. आमच्या उगार बुद्रुकला पाइपचा निचरा झालाय, त्यातही शेवटचं तोंड नाल्याला मोकळं ठेवावं लागतं.

चिक्कोडीकर_७४:
फॉर्मवर "सवळु-जवळु" शब्द आहे का बघा. सवळु म्हणजे खारावलेली, जवळु म्हणजे पाणथळ. तोच तुमचा विषय. विचारताना क्षारपड म्हणू नका, हाच शब्द वापरा. निम्मी टोलवाटोलवी तिथे थांबते, स्वानुभव!

पैशाचं म्हणाल तर काडाच्या (लाभक्षेत्र विकास) कामात शेतचारी आणि निचरा चर दोन्ही बसतात, ही योजना 1974-75 पासूनची. पण ती लाभक्षेत्रासाठी, म्हणून भावाला तसं सांगितलं असणार. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने 1600 कोटींची सुधारित काडा योजना मंजूर केली, तिचा भर बंद पाइपने शेतापर्यंत पाणी नेण्यावर आहे, तुमच्या चरासाठी तिच्या मागे लागू नका. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून समस्याग्रस्त जमिनी सुधारायला पैसा येतो. त्यासाठी कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जा. एफआयडी (शेतकरी ओळख क्रमांक) नसेल तर आधी तो काढा. चर उकरायचं काम ग्रामसभेत ठराव घालून रोजगार हमीतून पूर्वी झालंय, तेही विचारा. गट मात्र करा. एकट्याच्या सव्वा एकरासाठी कोणी अंदाजपत्रक करत नाही.

पाटकरी:
आणि त्या दोघांना आधी चहा पाजा. ऊस त्यांनी लावला असला तरी पाणी त्यांच्याही रानात साचतंय.

(धागाकर्ता)
सर्वांचे आभार. जिप्समवर घातलेले पैसे आठवून वडील दुपारभर गप्प होते. काल भाऊ घरोघरी गेला. आठ जण सही करायला तयार आहेत. त्या दोघांपैकी एकजण म्हणाला, ऊस तुटल्यावर बघू, तोवर हात लावायचा नाही. बरोबरच आहे म्हणा, उभं पीक कोण मोडेल? दुसरा बोललाच नाही. तोडणी जानेवारीत लागते, म्हणजे ठराव तोवर करून घ्यावा लागेल. ईएसपीचा नमुना या आठवड्यात देतोय. अर्जाचा कन्नड मजकूर तपासून देणारं कोणी असेल तर व्यनि करा.